कोंत्रोला

“इथे सही करा मास्तर, म्हणजे आपण सगळे घरी जाऊ,” कारखान्याचे वकील ग्रेगुश म्हणाले आणि कागद पुढे सरकवला.

वेंदेलीन हुडाकने कागद वाचला. बॉयलर फुटला तो चालकाच्या निष्काळजीपणामुळे, असं त्यात लिहिलं होतं. चालक म्हणजे हेर्मीना, त्याची बायको. जूनमध्ये त्याच स्फोटात गेली. आता ऑक्टोबर संपत आला होता आणि ती कामावर झोपली होती, असं सगळं गाव बोलत होतं. पावाच्या दुकानातली बाईसुद्धा आता त्याच्याकडे न बघताच पाव हातात द्यायची.

“मी सही करायला नाही आलो,” तो म्हणाला. “पुस्तिका दाखवा.”

चौकशी अधिकारी शिमेगोवा बाईंनी दोन पुस्तिका टेबलावर ठेवल्या. एक इंग्रजी, यंत्राबरोबर आलेली. दुसरी स्लोवाक, काजळी धरलेली. ती हेर्मीनाच्या पिशवीत सापडली होती आणि तिच्या सामानाबरोबर घरी आली होती. मग चौकशीसाठी परत मागवली. तिचं शेवटचं पान फाटलेलं होतं.

“डब्याला गुंडाळलं असेल कुणीतरी,” ग्रेगुश म्हणाले. “आणि मास्तर, तुमचं इंग्रजी ते किती? तुम्ही तर रशियन शिकवायचात.”

“सरकार बदललं आणि रशियन बंद झालं. मग दोन वर्षांचा कोर्स केला.”

“म्हणजे मुलांच्या एक धडा पुढे!”

“कधी कधी तेवढाही नाही,” वेंदेलीन म्हणाला. “पान अकरा काढा, बाई.”

त्यांनी काढलं.

“इंग्रजीत आहे, चालकाने दाब कंट्रोल करावा. म्हणजे ताब्यात ठेवावा, चढला तर उतरवावा. आपल्या भाषेत काय छापलंय? चालक दाबाची कोंत्रोला करतो. बाई, बसमध्ये तिकीट तपासनीस चढला की काय ओरडतो?”

“कोंत्रोला.”

“तो बस चालवतो का?”

शिमेगोवा बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पेन उचललं.

“हेर्मीनाने तेच केलं, नुसतं तपासलं. दर दहा मिनिटांनी काट्याकडे बघितलं आणि दाबाचा आकडा लिहिला. वही तुमच्याकडेच आहे.”

वही उघडीच होती. सहा. सात. साडेआठ. अकरा. अकराचा आकडाही नीट रेघेवर बसलेला. झोपलेली बाई असं लिहीत नाही.

“अहो, पण अकरा झाल्यावर वाफ बंद करायला शब्दकोश लागतो का?” ग्रेगुश म्हणाले.

“खालची ओळ वाचा. इंग्रजीत आहे, बॉयलर बंद करण्याची ऑथॉरिटी चालकाला आहे. म्हणजे अधिकार. आपल्याकडे छापलंय, त्या बाबतीत चालकाला औतोरिता आहे. म्हणजे मान आहे, वजन आहे. अधिकाराचं नावच नाही.”

त्या ओळीवरून कारखान्यात तिची थट्टा चालायची. ‘आल्या बघा वजनदार बाई!’ तिने ते एकदा रात्री जेवताना हसत हसत सांगितलं होतं. मग विचारलं होतं, “वेंदो, खरंच सांग. मी बंद करायचं, का फोरमनला विचारायचं?”

तो हसला नव्हता. “लिहिलंय तसं कर,” म्हणाला होता आणि मान खाली घालून जेवत राहिला होता.

काटा अकरावर गेल्यावर तिने फोरमनला दोनदा फोन केला. फोरमन जेवायला गेला होता.

“बरं, शब्द चुकले,” ग्रेगुश म्हणाले. “पण कुणी चुकवले? पंधरा वर्षांपूर्वीचं काम. ज्या व्यवस्थापकाने करून घेतलं तो वारला. कागद बॉयलरबरोबर जळाले. उद्या मी म्हणेन, हे भाषांतर आमचं नाहीच. कामगारांनी आपसात केलेलं टिपण आहे. मग?”

वेंदेलीनने शिमेगोवा बाईंकडे बघितलं.

“ते खरं आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “पुस्तिका कारखान्याने करून घेतली हे सिद्ध व्हायला हवं. नाहीतर अहवालात चालकाचंच नाव राहील. मला दुसरं काही करता येणार नाही.”

“आणि भाषांतर करणारा माणूस समोर आला तर?”

“तर तुमच्या बायकोवर ठपका राहणार नाही. त्या माणसावर मात्र खटला होईल. जीव गेलाय, मास्तर.”

“कसला येतोय तो समोर!” ग्रेगुश म्हणाले. “चार महिने झाले. शरम असती तर पहिल्याच दिवशी आला असता.”

वेंदेलीनने कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवला. अंत्यविधीपासून तो हाच कोट घालत होता.

“तुम्ही आत्ता बोललात ते लिहून द्या, बाई.”

“कुठलं?”

“तिच्यावर ठपका राहणार नाही, ते.”

बाईंनी दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली, तारीख घातली. त्याने त्या दोनदा वाचल्या. मग चष्मा पुसला.

“मास्तर, बरं वाटत नाहीये का?” ग्रेगुशनी विचारलं. “पाणी देऊ?”

“नको.”

त्याने खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला. उलगडताना टेबलावर थोडी काजळी सांडली. त्याने पुस्तिका उलटी केली आणि कागदाची फाटकी कड तिच्या फाटक्या कडेला लावली. नीट जुळली.

पानाच्या वर कारखान्याचा शिक्का होता आणि तळाला टाइप केलेली एकच ओळ: स्लोवाक भाषांतर, वेंदेलीन हुडाक, शिक्षक.