बक्षिसाची सुट्टी

निबाल्दोने दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला तेव्हा रायेन दारात आली ती झोपायच्या कपड्यांत. हातात पावाचा अर्धा तुकडा, ओठाच्या कडेला आवोकाडो लागलेला, आणि तोंडभर हसू.

"काका, तुम्ही जा! मला आज सुट्टी आहे! एकटीलाच!"

शाळेच्या पिवळ्या गाडीतली आठही पोरं खिडक्यांना नाकं लावून बघायला लागली. आज चौथीची सरकारी परीक्षा होती. मार्चमध्ये शाळा सुरू झाल्यापासून रोज सकाळी टेकडी उतरताना निबाल्दो त्यांची तयारी करून घेत होता. पुढच्या गाडीच्या नंबरातले आकडे जोडा, दुकानांच्या पाट्या वाचा, कोण आधी सांगतंय बघू! रायेनला पाटी वाचायला वेळ लागायचा. मग तो गाडी हळू करायचा, मागचे गाडीवाले कितीही खेकसू देत. परवा तिने औषधांच्या दुकानाची अख्खी पाटी न अडखळता वाचली, तर गाडीत टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला होता.

"सुट्टी? आणि आज? कुणी दिली?"

"मोठ्या बाईंनी! बक्षीस म्हणून!"

तिने पळत जाऊन वही आणली. सुबक अक्षरात लिहिलं होतं: रायेनने वर्षभर खूप मेहनत केली आहे. उद्या तिने घरी आराम केला तरी चालेल.

निबाल्दोचं डोकं सणकलं. कसलं डोंबलाचं बक्षीस! परीक्षेतल्या सगळ्या पोरांच्या गुणांची सरासरी मोठ्ठ्या आकड्यात शाळेच्या फाटकावर टांगायची असते. तो आकडा खाली येऊ नये म्हणून पोरीला गोड बोलून घरी बसवलं होतं.

तिची आई जाकेलिन हात पुसत बाहेर आली. "बघा ना निबाल्दोभाऊ, बाईंनी आठवणीने लिहिलं. मला तर इतकं बरं वाटलं!"

"जाकेलिनताई, वर्गात पहिली कोण येते?"

"मायते."

"मग मायतेला का नाही दिली सुट्टी?"

जाकेलिनने गाडीकडे पाहिलं. मायते पहिल्याच सीटवर बसली होती, कानटोपी आणि मफलरमध्ये गुंडाळलेली. डोळे लाल, नाक वाहतंय. अंगात ताप होता, तरी तिला आज पाठवा म्हणून तिच्या घरी शाळेतून फोन आला होता.

क्षणभर वाटलं, जाकेलिन आता रडणार. पण ती गर्रकन वळली आणि कडाडली, "रायेन, गणवेश घाल! आत्ताच्या आत्ता!"

"आणि माझं बक्षीस?"

"खड्ड्यात गेलं ते बक्षीस! चल!"

शाळा दिसायला लागल्यावर रायेनने हळूच विचारलं, "काका, बाई रागावतील?"

"रागावल्या तर माझ्यावर. तू कशाला घाबरतेस?"

मोठ्या बाई फाटकातच उभ्या होत्या. निबाल्दोने खाली उतरून पोरांसाठी दार उघडलं. रायेनला उतरताना बघून त्या तरातरा गाडीपाशी आल्या.

"निबाल्दो, हिला कशाला आणलंत?"

"परीक्षा आहे म्हणून, बाई."

"तुम्ही गाडी चालवा. शाळा मी चालवते."

"तेच करतोय. गाडीत बसलेलं पोर मी अर्ध्या वाटेत उतरवत नाही."

निबाल्दो बोलून गेला खरा, पण लगेच त्याच्या मनात हिशेब सुरू झाला. उद्या बाईंनी त्याची गाडी इथे उभी राहू दिली नाही, तर ही पोरं दुसऱ्या गाडीत जातील. जाऊ देत गेली तर, असं त्याने मनाशी म्हटलं आणि जागचा हलला नाही.

आत व्हरांड्यात टेबल मांडून बाहेरून आलेली एक तरुण परीक्षक नावं पुकारत होती. "रायेन ओयार्सो!"

"आजारी आहे ती!" मोठ्या बाईंनी तिथूनच सांगितलं.

"मी कुठे आजारी आहे?" फाटकातून रायेन ओरडली. "आजारी मायते आहे!"

मायतेला नेमकी तेव्हाच शिंक आली. व्हरांड्यातल्या रांगेत खसखस पिकली.

मोठ्या बाई वाकून अगदी लाडाने म्हणाल्या, "अगं बाळ, तुला सुट्टी दिलीय ना? घरी जा, आराम कर."

रायेनने मायतेकडे पाहिलं, मग बाईंकडे. "ती मायतेला द्या, बाई. मला परीक्षा द्यायचीय. आठ महिने पाट्या वाचल्यात मी!"

परीक्षक मुलीने यादीतून मान वर केली. "हीच का रायेन? मग येऊ द्या की आत."

आता काय करतात! मोठ्या बाई बाजूला झाल्या.

शाळेपुढे हॉर्नला सक्त बंदी होती. निबाल्दोने खिडकीतून हात घालून तो असा दणदणीत वाजवला की भिंतीवरची कबुतरं उडाली. रांगेतल्या पोरांनी "रा-येन! रा-येन!" करून व्हरांडा डोक्यावर घेतला. मोठ्या बाई कोणाकोणाला गप्प करणार?

रायेन टेबलापाशी पोचली. परीक्षक मुलीने तिच्यापुढे उत्तरपत्रिका सरकवली. पहिल्याच पानावर एक ओळ छापलेली होती. रायेनने तिच्याखाली बोट धरलं आणि एकेक अक्षर लावत वाचायला लागली. कोणी घाई केली नाही. ओळ संपली तशी ती वळली आणि फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बाई, हे बघा! ह्यांनी माझं नाव आधीच छापलंय!"