मथळ्यात न मावलेले उंदीर

‘रक्तदाबाच्या गोळीने स्मरणशक्ती जाते!’ मृण्मयीच्या या बातमीखालचा आकडा थांबायला तयार नव्हता. बातमी वाचून गोळी सोडलेले वाचक : चार हजार. प्रत्येकाच्या मनगटावरचा पट्टा तशी खबर लगेच पाठवत होता.

फोनवर संशोधक डॉ. टिपणीस ओरडत होते, “अहो, प्रयोग उंदरांवरचा होता! उंदीर कुठे गेले?”

“मथळ्यात मावले नाहीत, सर.”

तिने घाईघाईने दुरुस्ती टाकली. ती सतरा जणांनी वाचली. आकडा पाच हजारांवर गेला.

घाबरून तिने वडिलांना फोन लावला. “अप्पा, गोळी घेतलीत ना?”

“छे! आत्ताच हास्यक्लबात तुझी बातमी मोठ्याने वाचून दाखवली. माझी मुलगी, म्हटलं.”

“अप्पा, ती चुकलीय. सगळ्यांना सांगा.”

“हळू बोल,” अप्पा कुजबुजले. “सगळे इथेच बसलेत.”