आत्ताच डोळा लागला

शेवटच्या दुखण्यातल्या माणसांना सोबत करायला साधना यवतमाळहून गावोगाव जायची. दारव्ह्याकडच्या रुखमाबाईंकडे ती पहिल्यांदा गेली, तर बाजेभोवती अख्खं गाव भेटायला बसलेलं. कोणी डोळ्यांना पदर लावतंय, कोणी उशाशी बिस्किटांचे पुडे रचतंय. आणि श्रावणजी बायकोजवळ बसायचं सोडून सगळ्यांसाठी चहा उकळताहेत.

"सोयरे हायेत ताई, त्यायले जा कसं म्हनाव?" म्हातारा रडकुंडीला आला होता.

"जा म्हणूच नका. ओट्यावरच सांगायचं, आत्ताच डोळा लागला. झोपलेल्या आजाऱ्याला कोणी उठवत नाही."

युक्ती अशी लागू पडली की पाहुणे ओट्यावरच हळहळायचे आणि पुडा ठेवून माघारी फिरायचे. साधना स्वतःवर भलतीच खूश झाली.

पुढच्या खेपेला ती पोचली, तर श्रावणजी लगबगीनं दारात आडवे आले.

"आत्ताच डोळा लागला ताई तिचा."

तेवढ्यात आतून रुखमाबाईंचा आवाज आला, "अवो, गेली काय थे बाई? या न लवकर, कवाचे पत्ते वाटून बसली मी!"

श्रावणजींनी जीभ चावली. साधनानं हसू दाबलं, त्यांना आत पिटाळलं, दार ओढून घेतलं आणि स्वतः ओट्यावर बसली. समोरून बिस्किटांचा पुडा घेऊन एक मावशी येतच होत्या.

साधनानं ओठांवर बोट ठेवलं.

"आत्ताच डोळा लागला मावशी. दोघांचाही."