नाव घेऊन सांगायचं

तुलारामनं चार चिठ्ठ्या दुपट्ट्यात घोळल्या आणि खळ्यावर टाकल्या. रेंगीला बैल जुंपून झाले होते. अड्याळला मंडईची जत्रा दुपारी भरणार, दंडारीचं नाचगाणं सुरू होणार, आणि चौघांपैकी एकाला इथंच थांबून धानाचं पुंजणं राखायचं होतं. मोकळ्या गुरांना मंडईची सुट्टी नसते.

दोन घरं शेजारी, खळं एकच. तुलाराम आणि त्याची बायको रत्नाबाई. कृष्णराव आणि त्यांची बायको गोदावरीबाई. मागची तीन वर्षं राखणीला गोदावरीबाईच बसल्या होत्या. संध्याकाळी कृष्णराव जिलबीचा पुडा आणायचे. ती गारढोण जिलबी खाऊन मंडई पाहिल्याचं समाधान मानायचं, याचा त्यांना आता वीट आला होता. यंदा जायचंच, म्हणून सकाळीच त्या नवं लुगडं नेसून बसल्या होत्या.

खेळ सोपा होता. राजा आणि शिपाई यांनी आपली चिठ्ठी दाखवायची. प्रधान आणि चोर यांनी लपवायची. शिपायानं चोर ओळखला तर चोर घरी राहील, चुकला तर शिपाई.

"राजा!" तुलारामनं चिठ्ठी नाचवली. "माहा शिपाई कोन?"

गोदावरीबाईंनी एकेक अक्षर लावून आपली चिठ्ठी वाचली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात जाऊन त्यांना एकच हिवाळा झाला होता.

"मीच आहो शिपाई."

म्हणजे चोर एक तर रत्नाबाई, नाहीतर कृष्णराव. रत्नाबाई मूठ वळून आभाळाकडे पाहत होत्या. कृष्णरावांनी आपली चिठ्ठी पुन्हा एकदा पाहिली आणि मिशीत हसले.

"नाव घेऊन सांगाचं," ते म्हणाले. "बोट दाखवाचं नाही."

"हे काहून रे किसना?" तुलाराम म्हणाला.

"खेळ म्हणजे खेळ."

गोदावरीबाईंच्या सगळं ध्यानात आलं. लग्नाच्या उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच, त्यानंतर पस्तीस वर्षांत नवऱ्याचं नाव त्यांच्या ओठांवर आलं नव्हतं. पोरांसमोर 'तुमचे बाबा', परक्यांसमोर 'आमचे हे'. मतदार यादीवाला दारात आला की त्या रत्नाबाईंना पुढं करायच्या. हे सगळं माहीत असलेल्या माणसानं ऐन वेळी असला नियम काढला, तर चोर दुसरं कोण असणार? आता रत्नाबाईंचं नाव घ्यायचं, चुकायचं, आणि चौथ्या वर्षी पुन्हा काठी घेऊन गुरं हाकत बसायचं. एवढं सोपं वाटलं होतं यांना!

बैलांनी माना हलवल्या. घुंगरं वाजली. गोदावरीबाईंना असा काही राग आला की लाज कुठल्या कुठं पळाली.

"चोर," त्या म्हणाल्या, "कृष्णराव!"

रत्नाबाईंनी पदर तोंडाला लावला. तुलाराम राजेपण विसरून उभाच राहिला.

कृष्णरावांनी कानामागं हात धरला. एरवी या माणसाला दोन शेतं पलीकडची गाय हंबरलेली ऐकू यायची.

"ऐकू नाही आलं. अखीन एकदा म्हण."

"कृष्णराव! चोर कृष्णराव हायेत!"

हे पलीकडच्या खळ्यावरही ऐकू गेलं. तिथल्या बाया मळणी सोडून बघायला लागल्या. कृष्णराव कानापर्यंत लाल झाले. त्यांनी हातातली चिठ्ठी विड्याच्या पानाबरोबर तोंडात टाकली आणि चावून चावून गिळली.

"पकडलं बाप्पा. जा तुमी. पन माही जिलबी गरम आनजा."

रेंगी पांदणीला लागली. गोदावरीबाई जिंकल्याच्या तोऱ्यात ताठ बसल्या होत्या. शेजारी रत्नाबाईंचे खांदे हसून हसून हलत होते.

"काय झालं वं तुले?"

रत्नाबाईंनी इतका वेळ वळलेली मूठ उघडली. घामानं मऊ झालेली चिठ्ठी त्यांनी मैत्रिणीच्या हातात दिली.

"तूच वाच. येते ना आता तुले वाचाले?"

गोदावरीबाईंनी बोट ठेवून एकेक अक्षर लावलं.

"चो… र."