‘सेट’चे एक्केचाळीस अर्थ

“हा माणूस चक्क पुड्या सोडतोय,” म्हणत प्राध्यापकांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला. “एका शब्दाचे एक्केचाळीस अर्थ, आणि म्हणे सगळे स्वतःच्या कानांनी ऐकलेले!”

शब्द होता ‘सेट’. आपल्या बोलण्यात मुरलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश तयार होत होता. लोकांनी चिठ्ठीवर अर्थ, ऐकलेलं वाक्य, जागा आणि तारीख लिहून पाठवायची. चिठ्ठीवर नाव नाही, फक्त क्रमांक. तिन्ही संपादकांच्या सह्या झाल्या की मगच नावाचं पाकीट फोडायचं आणि ते नाव कोशाच्या पहिल्या पानावर छापायचं. हा होता क्रमांक एकशे सात.

“मला नाही तसं वाटत,” उपसंपादिका म्हणाली. वयाने ती सगळ्यांत लहान, त्यामुळे तिचं कोणी फारसं मनावर घेत नसे. “वाचा तरी. ‘प्लास्टर सेट होईपर्यंत इथे पाय ठेवू नकोस.’ ‘मॅडमचे केस सेट होतायत, बाहेर थांब.’ ‘सेटवरून बाजूला हो, शॉट लागलाय.’ घरबसल्या सुचतात होय अशी वाक्यं?”

“म्हणजे हा गवंडी, पार्लरवाला आणि सिनेमावाला! शिवाय कवळीचे सेट बसवतो आणि टेनिसही खेळतो. एक माणूस आहे की जत्रा?”

दोघांनी प्रमुख संपादकांकडे पाहिलं. साहेब म्हणजे शिस्तीचा कहर. एकशे सातच्या चिठ्ठ्या त्यांनी लाल शाईने रंगवून, पत्ते सांभाळणाऱ्या कारकुनामार्फत चार वेळा परत धाडल्या होत्या. कुठे तारीख नाही, कुठे जागा मोघम. दरवेळी आठवडाभरात त्या दुरुस्त होऊन हजर. अक्षर मोठं, गिरवल्यासारखं.

“प्रत्येक ठिकाणी जाऊन विचारा,” साहेब म्हणाले. “एक वाक्य जरी खोटं निघालं तरी सगळा गठ्ठा बाद.”

“बाकीच्यांच्या चिठ्ठ्या आपण अशा तपासत नाही, साहेब!” उपसंपादिकेला राग आवरेना. “या बिचाऱ्याने तुमचं काय घोडं मारलंय?”

साहेब चष्मा पुसत राहिले.

नऊ दिवस ती वणवण फिरली. वाक्यं सगळीकडे तंतोतंत जुळली. “अहो, हे तर मी दिवसातून दहादा ओरडतो,” ठेकेदार हसून म्हणाला. मात्र कोणी अभ्यासक वही घेऊन बसल्याचं कुठेच कुणाला आठवत नव्हतं.

दहाव्या दिवशी प्राध्यापकांनी हात टेकले. “मानलं बुवा. कान आहेत की काय!” त्यांनी सही केली. तिनेही केली, आणि आपलीच चिठ्ठी असल्यासारखा तिला अभिमान वाटला.

एरवी सगळ्यांत आधी सही करणारे साहेब आज मागे थांबले होते. त्यांनी एक्केचाळीस चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. एकही लाल खूण न करता सही केली.

उपसंपादिकेने पाकीट फोडलं. नाव वाचलं, मग टेबलावरची साहेबांच्या नावाची पाटी वाचली.

“साहेब, आडनाव तर...”

साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

“आई आहे माझी. या सगळ्या जागांच्या फरश्या पुसून तिने मला शिकवलं. स्वतः लिहायला शिकली ती गेल्या वर्षी.”