पुलावरचा आवाज

"जुनाच सायलेन्सर बसव," भैरूने पिकअपची चावी मिस्त्रीपुढे टाकली. मोठ्या आवाजाचा नवा सायलेन्सर त्याने हौसेने बसवला होता, पण गावाने तक्रारी करून जीव खाल्ला. घरी मात्र बायको खूश होती. तो दारात उतरला की ताटात गरम भाकरी पडायची. हिलाच आपली हौस कळली, असं त्याला वाटायचं.

संध्याकाळी काढलेला सायलेन्सर पिकअपच्या हौद्यात टाकून तो गुपचूप घरी आला. चूल थंड होती आणि सासू-सून पाय पसरून मालिका बघत होत्या.

"आवाज कुठं गेला?" आई दचकली. "पुलावर आवाज आला की आम्ही टीव्ही बंद करून तवा ठेवायचो."

सकाळी मिस्त्रीने शटर उचललं, तर दोघी पायरीवर बसलेल्या. मधे तो मोठा सायलेन्सर होता, चिंधीने पुसून लखलखीत केलेला.