अर्ध्यावरचा झेंडा

प्रेबेन होल्कने झेंड्याच्या दोरीला हात घातला तोच दारातून दोर्थेचा आवाज आला, "हात काढ."

त्याने काढला. दोर्थे काळ्या पोशाखात उभी होती. अकरा वाजता तिच्या नवऱ्याचं, थुरेचं, दफन होतं.

"दोर्थेबाई, फक्त वीस मिनिटं," प्रेबेन म्हणाला. "दहाला ड्रोन उडणार. विमानतळाला खेटून गाव आपलं, परवानगी काढता काढता नाकी नऊ आले माझ्या. सगळं गाव वरून एका नजरेत दिसणार. सगळे झेंडे टोकाला, आणि तुमचा तेवढा मध्येच लोंबकळतोय."

"लोंबकळत नाही. अर्ध्यावर आहे. घरातला माणूस गेलाय."

"हो, ते फार वाईट झालं."

फार वाईट झालं म्हणे! हाच प्रेबेन, गावाच्या वारसा समितीचा अध्यक्ष, थुरेच्या निळ्या दारापायी सहा वर्षं पत्रं पाठवत होता. जुन्या गावातली दारं हिरवीच असायची, असं कोपनहेगनहून इथे राहायला आलेल्या समितीने ठरवलं होतं. थुरे याच घरात जन्मला होता आणि ते दार त्याच्या आजोबांनी निळं रंगवलं होतं. भिंतींचा पिवळा कुठला, कुंड्या कुठे, कपडे कुठल्या अंगाला वाळत घालायचे, सगळ्याची पत्रं. परवा दोर्थेला आणि गल्लीतल्या बाकीच्या सतरा घरांना नवं पत्र आलं. चित्रीकरण आहे, गुरुवारी झेंडे टोकाला. सतराही घरांनी मुकाट्याने ते पाळलं.

पूर्वी गल्लीत कोणी गेलं की अख्खी गल्ली झेंडे अर्ध्यावर ठेवायची. दफन उरकलं की मगच ते टोकाला जायचे. आता सतरापैकी बारा घरांना थुरे कोण, हेच ठाऊक नव्हतं. उरलेल्या पाच घरांना ठाऊक होतं, म्हणून त्यांना जास्त लाज वाटायला हवी.

थुरे शेवटी शेवटी म्हणाला होता, "गल्ली विसरली तर विसरू दे. आपला खांब समुद्रावरून दिसतो. तो तेवढा अर्ध्यावर ठेव." दोर्थेने त्याला शब्द दिला होता.

"आत्ता झेंडा वर नेला तर त्याचा अर्थ काय होतो, माहीत आहे का तुला?" तिने विचारलं.

"काय?"

"पुरून झालं, असा. तो अजून चर्चमध्ये पडलाय, प्रेबेन."

"ते कोणाला कळतंय आता!" प्रेबेन हसला आणि त्याने फोन काढला. "हे निवेदन ऐका. 'पाचशे वर्षांचं दर्यावर्दी गाव, राजधानीपासून अर्ध्या तासावर. समुद्राचं आणि माणसाचं नातं इथे आजही जिवंत आहे.' थुरेंनाही आवडलं असतं."

"थुरेला तू आवडत नव्हतास."

धक्क्यावरून ड्रोन घरघरत वर चढला. प्रेबेनने घड्याळ पाहिलं, दोरीकडे पाहिलं आणि मोठेपणा दाखवत म्हणाला, "बरं, राहू दे. मागाहून संगणकावर तुमचा झेंडा वर सरकवता येतो."

याच्या थोबाडीत द्यावी, असं दोर्थेला मनापासून वाटलं. पण आजच्या दिवशी त्याला हात लावायचीही तिला किळस आली.

इतक्यात धक्क्यावरून ड्रोनवाला ओरडला, "अहो अध्यक्ष! त्या बोटी कसल्या?"

बंदराच्या तोंडाशी तीन बोटी येत होत्या. सामुद्रधुनीतून मोठी जहाजं नेणाऱ्या वाटाड्यांच्या बोटी. थुरेने चाळीस वर्षं तेच काम केलं होतं. बोटी ओळीने येऊन बरोबर चित्राच्या मधोमध थांबल्या. तिन्हींचे झेंडे अर्ध्यावर होते.

"आत्ताच कशाला कडमडले हे?" प्रेबेन किंचाळला. "यांना कोणी सांगितलं?"

दोर्थेने वर आपल्या झेंड्याकडे पाहिलं. मग निळं दार ओढून घेतलं आणि सावकाश हातमोजे चढवले.

"पाठव की त्यांनाही एक पत्र," ती म्हणाली आणि चर्चच्या वाटेला लागली.